अख्खी ढेप आणि एक घास

एका ओढ्याला दोन काठ होते आणि दोन काठांवर दोन वाड्या. फार पूर्वीची गोष्ट आहे ही. आता काठ तर प्रत्येकच ओढ्याला दोन असतात, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण सांगण्यासारखं आहे. कारण या दोन वाड्यांच्या मध्ये एकच साकव होता, म्हणजे लाकडाच्या फळ्या टाकून केलेला पायपूल, आणि निम्म्या बायकांची माहेरं त्या साकवाच्या पलीकडे होती.

वरची वाडी म्हणे चार भावांनी वसवली. म्हणून तिथं काहीही वाटायचं म्हटलं की चार भाग. भाकरी असो, कलिंगड असो, गुळाची ढेप असो, चारच. सव्वा, दीड, पावणेदोन असले शब्द तिथली पोरं आईच्या मांडीवर बसूनच शिकायची. खालची वाडी तीन बहिणींनी वसवली. तिथं कशाचेही तीन भाग. तिथल्या माणसाला चतकोर भाकरी म्हटलं तर तो नुसता तोंडाकडे बघत राहायचा.

आणि गंमत अशी की दोन्ही वाड्यांना अगदी मनापासून वाटायचं, सगळं जग आपल्यासारखंच कापतं. साकव ओलांडून आलेल्या सुनांना खरं काय ते ठाऊक होतं. पण सुनांना हे विचारतंय कोण? पुरुषांना ताटात आलेला तुकडा तेवढा दिसायचा. तो किती जणांत मिळून आला, हे चुलीपाशीच राहायचं.

अशीच एक सून होती गोजरा. वरच्या वाडीची लेक, खालच्या वाडीत दिलेली. लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवशी तिनं भाकरीचे चार तुकडे केले आणि तिच्या सासूबाईंच्या भुवया वर चढल्या. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

‘‘आमच्यात चौथं कोण जेवतं गं? भूत?’’ आत्याबाईंनी विचारलं होतं.

पुढं गोजरानं तीन तुकडे करायला शिकून घेतलं, पण सवय ती सवय. घाईत असली की हात आपोआप चारावर जायचा आणि आत्याबाईंचं बोलणं आपोआप सुरू व्हायचं. तसं दोघींचं वाईट नव्हतं काही. बोलल्याशिवाय आत्याबाईंना जेवण पचायचं नाही, एवढंच.

मग ठकी झाली. ठकी गोजराची पोरगी. ती भाकरी खायला लागली आणि तिथं खरी पंचाईत सुरू झाली. आजीच्या हातचा एक तुकडा खायची, मग आईच्या हातचा मागायची, आणि नक्की किती खाल्लं ते दोघींनाही कळायचं नाही. आजी म्हणायची, दोन तुकडे गेलेत पोटात, आता बास. गोजराला वाटायचं, दोन तर दोन, पण दोन कसले? एक तुमचा, एक माझा. एक मोठा, एक लहान. त्यांना दोन कसं म्हणायचं?

एकदा वैतागून तिनं घासच मोजले. ठकीच्या तोंडात मावेल एवढा एक घास. आजीच्या तुकड्याचे झाले चार घास. तिच्या स्वतःच्या चतकोराचे झाले तीन. आणि अख्खी भाकरी? तिचे बारा. आजीच्या पद्धतीनं मोडा नाहीतर आईच्या, घास बाराच. झालं, वाद मिटला. आजीचा एक तुकडा आणि आईचा एक, म्हणजे सात घास पोटात गेले, ठकी आता पाणी मागणार. इतकी साधी गोष्ट होती. गोजरानं कुणाला सांगितलीही नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं तिला वाटलंच नव्हतं.

आता खिरीकडे येऊ.

दरवर्षी सुगी संपली की साकवाशेजारच्या माळावर दोन्ही वाड्या मिळून गव्हाची खीर करायच्या. कढई एकच. गूळ दोघांचा. तिकडची ढेप भाकरीएवढीच गोल असायची, फक्त चांगली जाड. प्रत्येक वाडीनं तीन अख्ख्या ढेपा आणायच्या, टोपलीवर फडकं बांधून, म्हणजे दृष्ट लागत नाही. टोपली साकवापाशी ठेवायची, आत काय आहे ते मोठ्यानं सांगायचं आणि फडकं काही सोडायचं नाही. ते आचारी सोडणार, तेही गूळ कढईत घालताना. आणि आचारी गूळ कधी घालणार? दोन्ही वाड्यांच्या वडीलधाऱ्यांनी ‘पुरलं’ असं म्हटलं की. दोघांनीही म्हणायचं. एकानं म्हणून चालायचं नाही.

सूर्य मावळायच्या आत दोघांचं ‘पुरलं’ आलं नाही तर साकवाच्या फळ्या काढून ठेवायच्या. मग पुढच्या खिरीपर्यंत या काठाचा त्या काठाशी काही संबंध नाही. ओढा काही समुद्र नव्हता, पाण्यात उतरून जाता आलं असतं. पण शपथ होती, आणि शपथ पाण्यापेक्षा खोल असते.

गोजराच्या आईच्या लहानपणी एकदा तसं झालं होतं. आईची थोरली बहीण खालच्या वाडीत दिलेली होती. वर्षभर ती समोरच्या काठावर धुणं धुताना दिसायची. ओठ हलायचे तिचे, पण पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू यायचा नाही. आई सांगायची, आम्ही दोघी वर्षभर एकमेकींना नुसत्या बघत होतो. 

आणि यंदा गोजराची धाकटी बहीण यसू पहिल्या बाळंतपणाला वरच्या वाडीत, माहेरी आली होती. आज होईल, उद्या होईल, अशी वेळ. गोजरानं तिच्यासाठी एक अख्खी ढेप फडताळात जपून ठेवली होती. बाळंतिणीला ढेप न्यायची तर अख्खीच न्यायची, असा दोन्ही वाड्यांचा रिवाज. कापलेली ढेप नेली तर बाळाच्या नशिबाला चीर गेली, असं बायका म्हणायच्या. खिरीच्या दुसऱ्या दिवशी गोजरा ती ढेप डोक्यावर घेऊन साकव ओलांडणार होती. कित्येक दिवस तिच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

पण यंदा ऊसच वाळला. दोन्ही काठांवर गुऱ्हाळं कशीबशी चालली. आचारी होता हणमंतदादा, तो या वाडीचाही नाही आणि त्या वाडीचाही नाही, लांबच्या गावचा. त्यानं गहू मापून बघितला आणि सांगितलं, यंदा सहा ढेपा नकोत, साडेपाचात भागेल. निम्मा गूळ तुम्ही आणा, निम्मा त्यांना आणू दे.

वरच्या वाडीला हे अगदी सोपं गेलं. साडेपाचाचे निम्मे पावणेतीन. दोन अख्ख्या ढेपा, आणि तिसरीचे चार भाग करून त्यातले तीन. चौथा पोरांनी तिथंच फस्त केला. टोपली भरली, फडकं बांधलं, विषय संपला.

खालच्या वाडीची मात्र भलतीच अडचण झाली. दोन ढेपा घेतल्या, तिसरीचे नेहमीसारखे तीन भाग केले. त्यातला एकच घेतला तर फार कमी दिसतो. तिन्ही घेतले तर तीन ढेपा झाल्या, मग दरवर्षीपेक्षा वेगळं काय? शेवटी दोन ढेपा आणि दोन तुकडे घेतले, आणि उरलेला तिसरा तुकडा तिथंच पोरांत वाटून टाकला. लबाडी काहीच नव्हती हं. त्यांच्या कापण्यात निम्म्याच्या जवळ जाणारं दुसरं काही बसतच नव्हतं. घराघरातला गूळ त्या टोपलीत गेला आणि अख्खी ढेप म्हणाल तर वाडीत एकच उरली. गोजराच्या फडताळातली.

खिरीच्या दिवशी माळावर सगळे जमले. कढईत गहू रटरटत होता. वरच्या वाडीचे दौलतनाना पुढं झाले आणि त्यांनी सांगितलं, दोन ढेपा आणि तीन तुकडे. खालच्या वाडीचे बाळोजीतात्या पुढं झाले. त्यांनी सांगितलं, दोन ढेपा आणि दोन तुकडे. हणमंतदादानं सरळ बेरीज केली, ढेपा चार, तुकडे पाच.

इतकी वर्षं दोन्हीकडून अख्ख्या ढेपाच यायच्या. अख्ख्यात अख्खं मिळवायला काय लागतं? पोरंसुद्धा करतात. तुकड्यात तुकडा मिळवायची वेळ दोन्ही वाड्यांवर पहिल्यांदाच आली होती.

दौलतनानांनी बोटांवर मोजलं. चार तुकड्यांची एक ढेप, उरला एक तुकडा. म्हणजे झाले सव्वापाच. पाहिजेत साडेपाच. पाव ढेप कमी. आम्ही तर पावणेतीन मोजून आणलेत, मग कमी कुणाचं?

बाळोजीतात्यांनीही बोटांवर मोजलं. तीन तुकड्यांची एक ढेप, उरले दोन तुकडे. म्हणजे झाल्या पाच ढेपा आणि वर दोन तुकडे. अहो, कमी कुठलं, हे तर साडेपाचाला पुरून उरतंय. उलट उरलेला गूळ आमचा आम्हाला परत द्या.

बघा हं, टोपल्या त्याच आणि तुकडेही तेच. एकाला कमी दिसतंय, एकाला जास्त. आणि दोघांनाही समोरचा खोटारडा दिसतोय.

मग जे व्हायचं ते झालं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, खालच्यांचे हिशोब ओढ्यात भिजलेत वाटतं. खालच्यांकडून लगेच उत्तर आलं, भिजले तर भिजले, तुमच्यासारखे वाळून आखडले तर नाहीत. हसणारे हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. जुनी भांडणं वर यायला लागली. कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली होती, कुणाच्या लग्नात कुणाला पान दिलं नाही, सगळं. हणमंतदादा कढई ढवळत राहिला. खाली लागू नये म्हणून ढवळत होता बिचारा, बाकी त्याच्या हातात काही नव्हतं.

ऊन उतरायला लागलं. तात्यांच्या बाजूचे दोन गडी गुपचूप साकवाच्या फळ्यांपाशी जाऊन उभे राहिले.

गोजरा ठकीला कडेवर घेऊन बायकांच्यात उभी होती. तिनं ते दोन गडी बघितले. समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, यसू असणार. कदाचित कळासुद्धा सुरू झाल्या असतील. आणि आपण वर्षभर काठावर उभं राहून तिचे ओठ हलताना बघायचे? बाळ रांगायला लागेल, चालायला लागेल, आणि आपण ओढ्यापलीकडून बघायचं, की ते बघ, ते लाल अंगडं दिसतंय ना, तेच असेल?

तेवढ्यात ठकी कुरकुरली. आत्याबाईंनी कनवटीचा भाकरीचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. ठकीनं एक घास खाल्ला, आणि गोजराच्या डोक्यात सवयीनं आलं, राहिले तीन.

आणि ती एकदम थांबली.

तुकडे पाच. पण पाच कसले? तीन वरच्यांचे, दोन खालच्यांचे. एक लहान, एक मोठा. हे तर ठकीचंच जेवण झालं की.

आता सुनेनं तात्यांसमोर बोलायचं नसतं, आणि माहेरच्या नानांसमोर सासरच्या माणसांदेखत बोलायचं म्हणजे आणखीच कठीण. गोजरानं पदर पुढं ओढला, ठकीला आत्याबाईंकडे दिलं आणि ती सरळ कढईपाशी गेली. आचारी परका माणूस. त्याच्याशी बोललं तर चालतं.

‘‘दादा, कढईला किती पाहिजे?’’ तिनं विचारलं.

‘‘साडेपाच.’’

‘‘आणि कुणी किती आणलं, ते कढई विचारती का?’’

हणमंतदादानं ढवळणं थांबवलं. ‘‘कढई कशाला विचारेल? तिला साडेपाच ढेपा मिळाल्या की झालं. कुणाच्या का घरच्या असेनात.’’

‘‘मग फडकी सोडा,’’ गोजरा म्हणाली. ‘‘गूळ बघितल्याशिवाय सगळे मोजत बसलेत.’’

हळूहळू बोलणं थांबलं. ‘पुरलं’ म्हणण्याआधी फडकं सोडायचं, असं कधी झालं नव्हतं. पण पोर काही वावगं बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर दोघा म्हाताऱ्यांनाही दुसऱ्याच्या टोपलीत डोकावायची इच्छा होतीच. नानांनी मान हलवली, तात्यांनी नाही म्हटलं नाही. हणमंतदादानं दोन्ही फडकी सोडली.

चार अख्ख्या ढेपा बाजूला काढल्या. राहिले तुकडे. वरच्यांचे तीन आणि खालच्यांचे दोन शेजारी शेजारी ठेवल्यावर अख्ख्या माळाला दिसलं की ते एकसारखे नाहीत. खालच्यांचा तुकडा चांगलाच मोठा होता. दौलतनाना वाकून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ढेपेचा तिसरा भाग बघितला होता.

‘‘एवढाले तुकडे करता तुम्ही?’’ ते तात्यांना म्हणाले.

‘‘तुम्हीच चिमटीनं कापता,’’ तात्या म्हणाले, पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

पण नुसतं दिसून काय उपयोग? आता नाना म्हणायला लागले, मग कदाचित पुरेल. तात्या मनात म्हणायला लागले, वरच्यांचे तुकडे इतके लहान असतील तर कदाचित नाही पुरणार. म्हणजे आधी दोघांना खात्री होती, आता दोघांनाही नव्हती. तशी ही प्रगतीच म्हणायची.

गोजरानं फडकं जमिनीवर पसरलं. त्यावर वरच्यांचे तीन तुकडे टोकाला टोक लावून गोलात मांडले. एका चतकोराची जागा रिकामी राहिली. मग तिनं आचाऱ्याची सुरी घेतली आणि खालच्यांच्या एका तुकड्यावर सारख्या अंतरावर खुणा केल्या. चार घास. त्यातले तीन घास सलग कापले आणि रिकाम्या जागेत सरकवले.

गोल पुरा झाला.

वरच्यांचे तीन तुकडे आणि खालच्यांचे तीन घास मिळून एक अख्खी ढेप समोर होती. कुठून कुठपर्यंत कुणाचं, ते नुसत्या बारीक रेघेवरून कळत होतं.

‘‘चार होत्या, ही पाचवी,’’ गोजरा हणमंतदादाला म्हणाली. ‘‘आता राहिलं काय? खालच्यांच्या या तुकड्यातला एक घास, आणि हा दुसरा तुकडा अख्खा, त्याचे चार. म्हणजे पाच घास. अख्ख्या ढेपेत बारा घास बसतात. अर्ध्या ढेपेला सहा लागतील.’’

‘‘आणि आहेत पाच,’’ हणमंतदादा म्हणाला.

‘‘आहेत पाच.’’

एक घास कमी होता. पाव ढेप कमी नव्हती, आणि उरत तर मुळीच नव्हतं. नुसता एक घास.

आता खरी परीक्षा इथं आहे. कारण गर्दीतून लगेच प्रश्न आला, मग कमी कुणाचा? आणि गोजराला उत्तर येत होतं. अहो, तिला येणारच. निम्मे म्हणजे दोन ढेपा आणि वर नऊ घास. वरच्यांच्या तीन तुकड्यांचे नऊ घास, बरोबर आहेत. खालच्यांच्या दोन तुकड्यांचे आठ. नवातून आठ गेले की एक उरतो. कमी पडलेला घास खालच्यांचा होता. तिच्या सासरचा.

सरळ सांगितलं असतं तर खोटं ठरलं नसतं. पण पुढं काय झालं असतं? वरचे म्हणाले असते, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? खालच्यांची मान सगळ्यांदेखत खाली गेली असती, तीही लबाडी न करता, नुसतं तीनाचं कापणं आडवं आलं म्हणून. तात्यांच्या तोंडून मग ‘पुरलं’ आलं असतं? मान खाली गेलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द कसा येणार? आणि समजा गोजरानं खोटंच सांगितलं असतं, की पुरलं, बरोबर साडेपाच आहेत? तर खुणा सगळ्यांसमोर होत्या. पोरांनीसुद्धा मोजले असते.

तिनं सूर्याकडे बघितलं. तो पार डोंगराला टेकत आला होता.

‘‘दादा,’’ ती हणमंतदादालाच म्हणाली, ‘‘एक घास माझ्याकडचा घ्या. घरी ढेप आहे माझी.’’

बायकांच्यात कुजबुज उठली. ती ढेप कशासाठी आहे, हे प्रत्येकीला माहीत होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, अगं यसूची ढेप ती, मोडायची नसते. बाराव्या हिश्शासाठी अख्खी ढेप कापतेस? गोजरानं ती ढेप किती दिवस मुंग्यांपासून जपली होती. पण दुसरीकडे सुटा घास आणायचा कुठून? अख्ख्यातून थोडं काढायचं तर अख्खं मोडावंच लागतं. मोडू द्यायचं नाही आणि द्यायचं पण, असं होत नाही. आणि ढेप अख्खी राहिली, पण साकव मोडला, तर ती न्यायची कुठून?

ती घराकडे वळली तर आत्याबाई आडव्या आल्या.

गोजराला वाटलं, आता ऐकावं लागणार. आत्याबाईंनी ठकीला तिच्या कडेवर दिलं.

‘‘पोरीला धर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला यायला उशीर होईल. रस्त्यात चार ठिकाणी रडत बसशील.’’

आणि त्या स्वतः गेल्या, म्हाताऱ्या पायांनी, पण झपाझपा. ढेप घेऊन आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. फडक्यावर ढेप ठेवली, सुरी गोजराच्या हातात दिली आणि तोंड दुसरीकडे फिरवून उभ्या राहिल्या, कापताना बघवणार नाही म्हणून.

गोजरानं ढेपेवर आधी चार भागांच्या खुणा केल्या, माहेरच्या. मग एका भागावर तीन घासांच्या. आणि एक घास कापून काढला. ढेपेला एक खाच पडली. बारातून एक गेला, अकरा राहिले.

पाच घासांशेजारी तो सहावा घास तिनं ठेवला. अर्धी ढेप झाली. हणमंतदादानं दोघा म्हाताऱ्यांकडे बघितलं.

तात्या त्या खाच पडलेल्या ढेपेकडे बघत होते. ते आधी म्हणाले, ‘‘पुरलं.’’

नानांचा अंगठा बोटांवर फिरत होता, काहीतरी मोजल्यासारखा. मग त्यांनी गोजराकडे बघितलं, आणि मग म्हणाले, ‘‘पुरलं.’’

गूळ कढईत गेला. साकवापाशी उभे असलेले दोन गडी हळूच येऊन पंगतीत बसले, जणू पहिल्यापासून तिथंच होते.

खीर वाढताना नाना गोजराजवळून गेले. कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, ‘‘पोरी, एक वजाबाकी तू केलीच नाहीस.’’

‘‘कढईनं विचारली नव्हती, नाना,’’ गोजरा म्हणाली.

नाना हसले. ती वजाबाकी त्यांनाही आली होती. पण त्यांनीही ती शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी गोजरा ढेप डोक्यावर घेऊन साकव ओलांडून गेली. यसूला पहाटेच मुलगी झाली होती. अंथरुणावरून यसूनं ढेपेला हात लावला, तिचं बोट नेमकं खाचेत गेलं आणि ती दचकली.

‘‘ताई, ही मोडली कशी? इथला तुकडा कुठं गेला?’’

गोजरा तिच्या उशाशी बसली. बाळाच्या मुठी बघितल्या. एवढ्याशा होत्या, एकेका घासाएवढ्या.

‘‘तुझ्याकडं यायच्या वाटेत लागला तेवढा,’’ ती म्हणाली.

यसू बराच वेळ त्या खाचेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं ढेप आपल्या उशाशी ठेवून घेतली, खाच बाळाच्या बाजूला करून.

पुढं काय झालं सांगू? त्या मुलीचं नशीब काही चिरलं बिरलं नाही, चांगली खेळती वाढली. आणि दोन्ही वाड्यांत एक नवीन रिवाज पडला. बाळंतिणीला न्यायच्या ढेपेतून आधी एक घास कापायचा आणि साकवापाशी एका मडक्यात ठेवायचा. कधी कुणाला कमी पडलं तर कुणाचं कमी पडलं हे विचारायच्या आत मडक्यातून घ्यायचं. वरच्या वाडीत अजून चारच भाग करतात, खालच्या वाडीत तीनच. पण दोन्हीकडची पोरं आता आधी घास मोजायला शिकतात. आणि आत्याबाई? कुणाची सून अख्खी ढेप घेऊन साकवावर निघालेली दिसली तर त्या अडवायच्या. म्हणायच्या, अगं, खाच कुठाय हिला? बिनखाचेची ढेप नेतेस माहेरी?

तात्पर्य काय, तर मिळवण्याआधी तुकडे एकाच मापाचे करून घ्यावेत, आणि उत्तर देण्याआधी प्रश्न काय आहे ते बघावं. कमी कुणाचं ते शोधत बसणाऱ्याच्या हाती भांडण राहतं, आणि आपलं अख्खं मोडून एक घास देणाऱ्यामुळे सगळ्यांचं पुरं होतं.